बुधवारच्या आत मुकुट

फुकेत,
मंगळवार, ८ मे, बुद्धसंवत २५६१

प्रिय वान्दीताई,

दोन्ही हात कपाळाला टेकवून नमस्कार. गुडघा कसा आहे? चटया विणायला बसू नका असं डॉक्टरने सांगितलंय आणि तरी तू लव्हाळं पसरून बसलीच असशील, हे मला इथून दिसतंय. भाऊजींना नमस्कार. तुझ्या कोंगला आशीर्वाद. मी आणि माझी रुंग, आम्ही दोघी इथे बऱ्या आहोत.

फोन उचलत नाही म्हणून चिडली असशील. अगं, फोनवर तू मला बोलू कुठे देतेस! मी ‘हं’ म्हणायच्या आत तुझं सुरू. आज मंगळवार, आमच्या चांदणनगरीला सुट्टी. म्हटलं पत्रच लिहावं. पत्रात तरी तुला मधे तोंड घालता येत नाही.

एरवी चांदणनगरीत प्रवाशांची गर्दी अफाट. दिवे लागायच्या वेळी बसगाड्यांची रांग लागते, ती थेट समुद्राच्या रस्त्यापर्यंत. खोटं खेडं, खोटा तरंगता बाजार, सिमेंटचे हत्ती, आणि त्यात खरी म्हातारी माणसं दोन-दोन तास रेशीम काढत बसलेली. पाहुणे त्यांनाही बोट लावून बघतात, खरी आहेत का म्हणून. मग जेवणं, मग मोठा खेळ. मी आपली पडद्यामागे सुई-दोरा घेऊन. कुणाचे मणी ओघळले, कुणाची शिवण उसवली, की ‘लमाईमावशी, लमाईमावशी!’ एकोणीस वर्षांच्या पोरी, आणि मावशी म्हणत ओरडतात तेव्हा सासूच्या वर आवाज.

आपला नोरा-नाच तिथे सहा मिनिटांचा आहे, हे तुला ठाऊकच आहे. बाबांना सहा मिनिटं नुसती गुरूंना हात जोडायला लागायची. पण त्या सहा मिनिटांत रुंग काय नाचते, ताई! बारा मुद्रांपैकी सातच घेऊ देतात, तरी बोटं अशी मागे वळतात की परक्या मुलखातली माणसं खाणं थांबवतात.

बाबांच्या मुकुटाचं विचारशील. सोनेरी मुलामा देणाऱ्याकडे आहे. म्हातारा कारागीर आहे, घाई केली की रागावतो. कानावरच्या झुपक्यांचे मणीही गळले होते ना, तेही तोच बसवणार आहे. संक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, तू मुकुट माझ्या हातात दिलास तेव्हा ‘बुधवारच्या आत मुकुट परत’ असं सात वेळा बजावलंस, ते मी विसरलेले नाही. तेवीस तारखेच्या बुधवारी पूर्वजांना बोलावणार, गुरुवारी कोंगच्या डोक्यावर विधीने मुकुट उतरणार, सगळं लक्षात आहे. माझ्या रजेचं मात्र कठीण दिसतं. आपले पूर्वज बुधवारी येऊन शुक्रवारी जाणार, आणि आमच्याकडे नेमके तेच दिवस गर्दीचे. मुकुट एखाद्या ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर पाठवीन.

रुंगच्या उजव्या हाताला जरा लागलंय. काळजीचं काही नाही. बाबा बोटांना चोळायचे ते तेल कशाकशाचं असायचं, ते लिहून कळव. उगीच विचारते. आणि आणखी एक, तेही उगीचच: बाबांच्या वेळी घरातल्या कुणाला पूर्वजांनी धरलं, तर विधीच्या दिवसापर्यंत थांबावंच लागायचं का? की आधी काही करता यायचं?

गुडघा जप.

तुझी,
लमाई

*

फुकेत,
मंगळवार, १५ मे

ताई,

नमस्कार. गुडघ्याचं विचारत नाही, परवा फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं की तुझी प्रकृती उत्तम आहे.

शेजारणीच्या फोनवर फोन करून मला धरलंस. कारागिराचा नंबर मागितलास. मी म्हटलं त्याच्याकडे फोन नाही. दुकानाचं नाव मागितलंस. मी म्हटलं पाटी पुसली गेलीय. मग तू म्हणालीस, “लमाई, तू लहानपणी खोटं बोलताना नाक चोळायचीस. आता फोनवरून ऐकू येतंय मला.” खरं सांगू? मी तेव्हा नाकच चोळत होते.

कारागीर नाही. कुणी नव्हताच. मुकुट माझ्याकडे आहे, शाबूत आहे, एक मणीसुद्धा गेलेला नाही. आधी एवढं वाच, श्वास घे, आणि मग पुढचं वाच.

शनिवारी, पाच तारखेला, खेळाच्या आधी अर्धा तास, चांदणनगरीच्या स्वतःच्या नोरा-मुकुटाला तडा गेला. तो फायबरचा असतो, वर काच चिकटवलेली. टोकच हलायला लागलं. खेळाचे व्यवस्थापक वीराचाय साहेब आले, बघितलं, आणि म्हणाले, “नोरा आज काढून टाका. त्याऐवजी ढोलवाले दुप्पट वाजवतील.” ताई, तिथे एक दिवस काढून टाकलेली गोष्ट परत येत नाही. मागच्या वर्षी सावल्यांच्या बाहुल्या अशाच ‘आजच्या दिवस’ गेल्या. तो बाहुलीवाला आता पार्किंगमध्ये शिट्टी वाजवतो.

मी म्हटलं, “साहेब, माझ्याकडे दुसरा आहे.”

तोंडातून निघून गेलं. मुकुट मी तिथेच ठेवला होता, भाड्याच्या खोलीला धड कुलूपही नाही म्हणून. आणला. रुंगने बघितल्याबरोबर ओळखला. तिचा चेहराच उतरला.

“आई, हा आजोबांचा आहे.”

“मग? आजोबा तुझेच ना?”

“माझा विधी झालेला नाही. मला नाही चालत हा.”

“सहा मिनिटं तर घालायचाय. आजोबा काय तिकीट काढून बघायला येणार आहेत?”

हे मी बोलले. ह्याच तोंडाने बोलले. हसून बोलले, वर तिच्या हनुवटीखाली दोरी बांधताना ‘मान ताठ ठेव’ म्हणून एक टपलीही दिली.

ती गेली. ढोल सुरू झाला, घंटा सुरू झाल्या. पहिली मुद्रा, दुसरी, तिसरी. मी पंख्याच्या मागून बघत होते. चौथ्या मुद्रेत तिने उजवा हात वर नेला, बोटं मागे वळवली, आणि थांबली. मला वाटलं श्वास घेतेय. ढोलवाल्याने एक फेरा जास्तीचा वाजवला. ती हललीच नाही. डोळे उघडे, मान ताठ. सहा मिनिटं झाली. कोळ्यांच्या नाचातली चाळीस माणसं जाळी घेऊन तिच्या भोवतीने आली आणि नाचून गेली. लोकांना वाटलं असंच असतं, टाळ्यांचा नुसता कडकडाट. शेवटी दोन पोरांनी तिला उभीच्या उभी उचलून आत आणलं.

आले बाई बाबा. तिकीट न काढता आले.

आत आणल्यावर डावा हात सुटला. उजवा अजून तसाच आहे. नाचाची पितळी नखं मी साबण लावून काढली, पण बोटं मागे वळलेली ती वळलेलीच. चमचा धरता येत नाही, गुंडी लावता येत नाही. मी भरवते. एवढी मोठी मुलगी, मान खाली घालून भात खाते. रात्री हात उशीवर वेगळा ठेवून झोपते, जणू दुसऱ्याचं काही सांभाळायला आणलंय. दर तासाने उठून मी त्या हाताला हात लावून बघते. गार असला तरी भीती, गरम असला तरी भीती.

डॉक्टरने फोटो काढला. म्हणे हाड ठीक आहे, शिरा ठीक आहेत, मुलगी घाबरलीय, विश्रांती द्या. वीराचाय साहेब दुसऱ्या दिवशी फळांची टोपली घेऊन आले. बसले, हळहळले. निघताना म्हणाले, “नाचता येत नसेल तर फोटोच्या चौथऱ्यावर उभी राहू दे. हात नाहीतरी मुद्रेतच आहे.” मी हसले, ताई. साहेबासमोर हसावं लागतं. ते गेल्यावर तीच फळं उचलून शेजारी देऊन टाकली.

आता तू म्हणशील, ह्यावर औषध काय ते तुला चांगलं माहीत आहे. आहे. गुरुवारी सगळ्या घराने बसून बाबांची माफी मागायची, मुकुट समोर ठेवून. पण त्यासाठी तुझ्यासमोर उभं राहावं लागतं. तेवढ्यासाठी दहा दिवस गेले माझे. रजा मिळत नाही असं लिहिलं होतं ना, ती मी मागितलीच नव्हती.

कोंगच्या मोठ्या दिवशी आम्ही असं तोंड घेऊन यावं का? तू ‘ये’ म्हटलंस तर येईन. ओरड, पण फोनवर रुंगला ऐकू जाईल असं ओरडू नकोस. ती मला सारखं विचारते, “आजोबा माझ्यावरच का रागावले?”

लमाई

*

तुझ्याच अंगणातून,
बुधवार, २३ मे

ताई,

तुझ्या घराबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय. आत मांडवाला शेवटच्या दोऱ्या बांधल्या जाताहेत. तुझा आवाज ऐकू येतो: “अरे, पानसुपारी उजवीकडे! उजवा हात कुठला ते तरी माहीत आहे का?” बारा ताटं लागलीत, डुकराचं डोकं आलंय, आणि माशांच्या आतड्यांच्या कालवणाचा वास इथवर येतोय. फुकेतमध्ये ते कालवण मिळतं, पण गोड करून मारतात.

तू ओरडली नाहीस. तू फक्त कोंगकडून निरोप पाठवलास: ‘मुकुट घेऊन ये, रुंगला घेऊन ये, बाकीचं इथे बघू.’ त्यापेक्षा ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

कोंग दोनदा बाहेर येऊन गेला. “मावशी, आत चल ना, आई विचारतेय.” म्हटलं, येते, चपला काढते. “अर्धा तास झाला, चपलाच काढतेयस?” गोड पोर आहे तुझं. आता तिसऱ्यांदा आला की हे पत्र त्याच्या हाती आत पाठवणार आहे. मुकुटाचा खोका माझ्या मांडीवर आहे. तुझं हे वाचून होईपर्यंत मुकुट आत येऊ नये, म्हणून मी इथे अडून बसलेय.

मागच्या पत्रात मी सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल. मलाही वाटवून घ्यायचं होतं.

एक सांगते. तो फायबरचा मुकुट दहा मिनिटांत चिकटला असता. डिंक माझ्या खिशात होता. असल्या तीस वस्तू मी रोज चिकटवते. मी चिकटवला नाही, कारण मला बाबांचा मुकुट रुंगच्या डोक्यावर बघायचा होता. एकदाच. बाबांनी मला हात लावू दिला नव्हता. ‘मुलीच्या डोक्यासाठी नाही’ म्हणाले, संपलं. बरं, ते दिवस तसे होते. पण आता? तळ्यापलीकडच्या नोरा-घरात दोन नातींच्या डोक्यांवर मुकुट उतरले. आणि तू कोंगचं नाव ठरवून मला फोन केलास, तारीख सांगायला! रुंगचं काय, एवढं तरी विचारलंस का? कोंग गुणी आहे, पण तो नाचतो तेव्हा रबराच्या चिकाची बादली सांभाळत चालल्यासारखा दिसतो, हे तुलाही माहीत आहे आणि ढोलवाल्यालाही. मला फार लागलं ते. संक्रानला मुकुट मुलाम्यासाठी मागून नेला तेव्हाच माझ्या मनात काळंबेरं होतं. मुलामा हे निमित्त होतं.

दुसरं सांगायला हात जड झालाय.

चांदणनगरीत मुखवट्यांसाठी उंच फळी आहे, पुरुषांच्या बाजूला. तिथे रोज फुलं, उदबत्ती, सगळं नीट. मुकुट तिथेच ठेवायला हवा होता. पण मुखवटे सांभाळणाऱ्या आजोबांनी विचारलं असतं, ‘कुणाचा? कुठून आणलास? घरच्यांना माहीत आहे?’ म्हणून मी तो खोक्यात घातला आणि बायकांच्या बाजूला, जिथे कुणी वाकून बघत नाही तिथे सरकवला. जमिनीवर. वर परकरांचा दांडा होता, ताई. वीस पोरींचे घामाचे, अंगावरून उतरवलेले परकर, रोज रात्री, बाबांच्या मुकुटाच्या वर. तीन आठवडे. आपल्या घरात पुरुष परकर वाळत घातलेल्या दोरीखालून जात नाहीत, बाबा तर अंगणाला वळसा घालून जायचे. मी त्यांची लेक, आणि मी हे केलं.

विसरून झालं असं लिहिलं असतं तर बरं. विसरले नव्हते. खोका सरकवताना वर बघितलं होतं. ‘उद्या हलवीन’ म्हटलं. उद्या, मग परवा. त्या शनिवारी तोच मुकुट तिथून काढला, फडक्याने पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. ती आत आल्यावर, तिचा हात तसा दिसत असताना, गोंधळात कुणाला दिसू नये म्हणून परत तिथेच नेऊन ठेवला. परकरांखालून तो मी बाहेर काढला तेव्हा तुला दुसरं पत्र टाकून झालं होतं.

हे कुणी बघितलेलं नाही. मी बोलले नसते तर कुणाला कळलंच नसतं. उद्या कोंग मांडवात बसला असता, वरून दोरीने मुकुट तीनदा खाली आला असता, तिसऱ्यांदा डोक्यावर टेकला असता, आणि तू हात जोडून रडली असतीस. मग पुढे कधी त्या पोराचं डोकं दुखलं, पाय घसरला, रबराच्या बागेत साप निघाला, की इतक्या लांबून मी एकटी समजून चुकले असते. तिथपर्यंत मी नाही जाऊ शकत. एकीचा हात बघतेय, तेवढं पुरे झालं.

मुकुट शुद्ध होतो की नाही, उद्याचं होतं की पुढे जातं, ते तू आणि वडीलधारे ठरवा. गावाला बोलावून बसलीयस, ताटं लागलीत, आणि मी हे आता सांगतेय. मला काय म्हणायचं ते म्हण.

आणि रुंग. अठरा दिवस ती म्हणतेय, चूक माझी, मी ‘नाही’ म्हणून मुकुट काढून ठेवायला हवा होता. अठरा दिवस मी तिला भरवलं, हात चोळला, ‘उगी, उगी’ म्हटलं, आणि तिला तसंच समजू दिलं. आईच असं करते का गं? आज गाडीत, त्रांग गाव सोडल्यावर, सांगितलं. परकरांचंही सांगितलं. तिने विचारलं, “तेव्हा मला विचारलं असतंस, तर मी मुकुट नको म्हटलं असतं, हे तुला माहीत होतं ना?” मी हो म्हटलं. तिने हात माझ्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर ठेवला. आत्ता ती ताडाखाली बसलीय, माझ्याकडे पाठ करून. सकाळपासून जेवलेली नाही, माझ्या हातून नको म्हणते.

म्हणून एकच मागणं आहे. तिला आत घे. तू भरव. आणि आज रात्री बाबा आले की सगळ्यांसमोर, मोठ्याने, तूच सांग की पोरीचा दोष नाही. माझं ते ऐकतील की नाही, देव जाणे. तुझं ऐकतात, आयुष्यभर तुझंच ऐकलं.

चांदणनगरीत थोड्या वेळाने दिवे लागतील आणि मी न सांगता आलेय. मला परत घेतील, न घेतील. तू आत बोलावलंस तर दारापासून मांडवापर्यंत गुडघ्यांवर येईन. नाही बोलावलंस तर खोका कोंगजवळ देते आणि सहाच्या गाडीने जाते. रुंगला मात्र ठेवून घे.

कोंग येतोय. घडी घालते.

तुझ्या दारात, अजून चपला घालूनच बसलेली,
लमाई